परदेशात शिकणारं पोर आणि फ्लूची महासाथ

जून-जुलै उजाडला की धुळ्यातल्या माझ्या दवाखान्यात वेगळीच गर्दी सुरू होते. पोराच्या हातात युनिव्हर्सिटीचा लसीकरणाचा फॉर्म, सोबत आई-वडील, बहुतेक वेळा मामा किंवा काकाही. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, पारोळा, कधी थेट शहाद्याहून आलेली माणसं. कुणाचं पोर एमएस करायला अमेरिकेला निघालेलं असतं, कुणाचं जर्मनीला, कुणाचं एमबीबीएससाठी जॉर्जियाला किंवा किर्गिझस्तानला. गोवर-गालगुंडाची लस, मेंदुज्वराची लस, सही, शिक्का. सगळं आटोपून उठता उठता वडील दारापाशी थबकतात. "ताई, पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर काय करायचं? बोलवून घ्यायचं का लगेच?"

दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून नीट बसून लिहिते आहे. आणि लिहिताना कोरोनाऐवजी फ्लू धरते, कारण गेल्या सव्वाशे वर्षांत फ्लूच्या विषाणूने चार वेळा सगळं जग व्यापलं आहे: १९१८, १९५७, १९६८ आणि २००९. साथरोगाची तयारी करणारे लोक जगभर सर्वात आधी त्याच्याकडेच डोळे लावून बसलेले असतात.

आपल्या खान्देशाचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. पक्ष्यांमधला अतिघातक एच-५-एन-१ फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. मी तेव्हा सरकारी नोकरीत नवीन होते आणि तिथे घरोघर जाऊन तापाचे रुग्ण शोधायच्या पथकात माझी ड्युटी लागली होती. आधी सगळ्यांना वाटलं होतं राणीखेत आहे, कोंबड्यांवर दरवर्षी येते तशी. मग भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि दोन दिवसांत गावाचं रूप पालटलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे अंगरखे घातलेली माणसं शेडमध्ये शिरत होती. लांब खड्डे, चुन्याची पोती, आणि ज्या शेडमधून रात्रंदिवस कलकलाट यायचा तिथे एकदम शांतता. कोंबड्या मारणाऱ्या कामगारांना रोज एक गोळी द्यायची होती, ऑसेल्टामिविर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एका आदिवासी पाड्यावर एका आजींनी तीन कोंबड्या गोधडीखाली लपवल्या होत्या. कोंबड्या द्यायला त्यांचा जीव होत नव्हता आणि मला त्यांना ओरडताही येईना.

तेव्हा तपासलेल्या माणसांपैकी एकातही तो विषाणू सापडला नाही. पक्ष्यांचा तो फ्लू माणसाला क्वचितच होतो; मात्र जगभरात जे आजारी पडल्याची नोंद आहे त्यांच्यापैकी जवळपास निम्मे दगावले. माणसाकडून माणसाकडे सहज पसरायची कला त्याला अजून साधलेली नाही. फ्लूच्या महासाथीची सगळी भीती याच एका गोष्टीभोवती फिरते: पक्ष्या-प्राण्यांमधला नवा विषाणू ही कला कधी शिकेल.

विषाणू 'नवा' होतो म्हणजे काय

दरवर्षीचा फ्लू आणि महासाथीचा फ्लू यांतला फरक खान्देशच्या शेतकऱ्याला समजवायला मला कधीच अवघड जात नाही. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी मरायची. मग वर्षागणिक गुलाबी बोंडअळीत थोडा थोडा बदल होत गेला आणि तीच अळी बीटीला जुमानेनाशी झाली. फ्लूचा विषाणूही दरवर्षी असाच किंचित बदलतो. गेल्या वर्षी आपल्या शरीराने त्याला ओळखलेलं असतं, यंदा तो थोडा अनोळखी होऊन येतो. म्हणून फ्लूची लस दरवर्षी नवी घ्यावी लागते. पण थोडी का होईना, ओळख असते. म्हणून बहुतेक लोक आठ दिवस झोपून उठतात.

दुसरा बदल संकरित बियाण्यासारखा असतो. फ्लूच्या विषाणूचं सगळं अनुवांशिक साहित्य आठ सुट्या तुकड्यांत असतं. एखाद्या प्राण्याच्या, विशेषतः डुकराच्या, एकाच पेशीत पक्ष्याचा फ्लू आणि माणसाचा फ्लू एकाच वेळी शिरले, तर या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. बाहेर पडतो तो वेगळाच वाण. १९५७ आणि १९६८ मध्ये माणसातल्या विषाणूने पक्ष्यांकडचे तुकडे उचलले होते. २००९ च्या स्वाइन फ्लूत डुक्कर, पक्षी आणि माणूस अशा तिघांच्याही विषाणूंचे अंश होते. विषाणूच्या नावातले एच आणि एन म्हणजे त्याच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची आद्याक्षरं. एकाने तो आपल्या पेशीला चिकटतो, दुसऱ्याने काम उरकून बाहेर पडतो. आपलं शरीर त्याला याच दोन खुणांवरून ओळखतं. खुणाच बदलल्या तर ओळखणार कुठून?

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. शेकडो एकरांवर टिश्यूकल्चरची एकाच वाणाची रोपं उभी असतात. एका रोपाला जो रोग मानवतो तो साऱ्या बागेला मानवतो. नव्या फ्लूपुढे माणसांची अवस्था तशीच असते: धुळ्यातला, बर्लिनमधला आणि बिश्केकमधला माणूस सारखाच कोरा.

इथे एक गैरसमज दूर करते. 'महासाथ' हा शब्द आजार किती घातक आहे हे सांगत नाही. नवा आजार जगभर पसरला आहे, एवढंच तो सांगतो. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली तेव्हा ७४ देशांत मिळून सुमारे ३० हजार रुग्णांची नोंद होती आणि बहुतेकांचा आजार सौम्य होता. १९१८ ची महासाथ मात्र भयंकर होती. आपल्याकडे जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरात दिसली आणि आगगाडीबरोबर देशभर गेली. पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत तिने खरा बळी घेतला, तोही दुष्काळाच्या वर्षात. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेतलं एकमेव दशक आहे ज्यात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. म्हणून 'महासाथ जाहीर' ही बातमी टीव्हीवर आली की पुढचा प्रश्न हा विचारा: आजारी पडणाऱ्यांपैकी किती जणांना दवाखान्यात भरती करावं लागतंय, आणि ते कोणत्या वयाचे आहेत?

वयाचा प्रश्न

वयाचं एवढ्यासाठी सांगते की पालकांचं गणित इथेच चुकतं. "पोरगं बावीस वर्षांचं धडधाकट आहे, म्हाताऱ्यांनाच जपायचं असतं." दरवर्षीच्या फ्लूत आणि कोरोनात हे बरंचसं खरं होतं. महासाथीच्या फ्लूत ते उलटं झालेलं आहे. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची माणसं फार मोठ्या संख्येने गेली. २००९ मध्ये पासष्टीच्या पुढच्यांना तुलनेने कमी झळ बसली, कारण १९५७ च्या आधी त्यांच्या अंगात तशाच एका विषाणूची ओळख मुरलेली होती. तरुणांची पाटी कोरी होती. पुण्यात ऑगस्ट २००९ मध्ये देशातला पहिला बळी गेला ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. नायडू रुग्णालयासमोर नाकाला रुमाल बांधून उभ्या असलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना ते दिवस अजून आठवत असतील.

विद्यार्थी या साथींच्या पुढच्या फळीत असतात, यात त्यांचा काही दोष नाही. एका खोलीत दोघं-तिघं राहतात, स्वयंपाकघर सामाईक असतं, वर्गात शंभर जण, थंडीमुळे खिडक्या बंद. एप्रिल २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका शाळेत शेकडो मुलं एकदम आजारी पडली. काही विद्यार्थी नुकतेच मेक्सिकोहून सुट्टी घालवून परतले होते. कोरोनाचा भारतातला पहिला रुग्ण, ३० जानेवारी २०२० चा, ही वुहानहून केरळला परतलेली वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी होती. आपली पोरं जिथे शिकतात आणि ज्या विमानाने येतात-जातात, साथही त्याच रस्त्याने जाते.

फ्लू कोरोनापेक्षा घाईत असतो

कोरोनाच्या पहिल्या लाटेत संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागत. फ्लूला एक ते चार दिवस लागतात, बहुतेक वेळा दोनच. लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला फ्लू देऊ लागतो आणि पुढे पाच-सात दिवस देत राहतो. म्हणजे सोमवारी वसतिगृहात एक जण खोकत असेल तर शुक्रवारपर्यंत मजल्यावरचे बरेच जण अंथरुणात. कोरोनात विचार करायला जेवढे दिवस मिळाले तेवढे फ्लूत मिळणार नाहीत. "बघू, आठ दिवसांनी ठरवू" असं म्हणता म्हणता ती साथ त्या गावातून निघूनही गेलेली असते.

याच घाईची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. एखाद्या गावातली फ्लूची लाट सहसा काही आठवड्यांत ओसरते, मग मागून दुसरी येऊ शकते. शिवाय फ्लूशी लढायची हत्यारं पहिल्या दिवसापासून हाताशी असतात. विषाणूंवर नजर ठेवणारं जागतिक जाळं १९५२ पासून काम करतं आहे आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यात आहे. लस बनवण्याची रीत माहीत आहे, फक्त नव्या विषाणूची लस तयार व्हायला काही महिने जातात. २००९ मध्ये विषाणू एप्रिलमध्ये कळला आणि लस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळू लागली. त्या वेळी अमेरिकेने ज्यांना आधी लस द्यायचं ठरवलं त्यांत गरोदर बायका आणि आरोग्यसेवकांबरोबर सहा महिने ते चोवीस वर्षं वयाचे सगळेच होते. आणि औषधही आहे: नवापूरच्या कामगारांना दिलेलं तेच ऑसेल्टामिविर. ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा चांगला उपयोग होतो. ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. इथून पाकीट नेऊन पहिल्या शिंकेला गोळी गिळायची नाही.

बोलवायचं की तिथेच ठेवायचं

आता दारातल्या त्या प्रश्नाकडे येते. माझं मत स्पष्ट आहे, आणि ते ऐकून आयांचे चेहरे उतरतात हेही मला माहीत आहे. फ्लूच्या महासाथीत पोराला पहिल्या झटक्यात घरी बोलावणं बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. विद्यापीठ वसतिगृहच रिकामं करायला सांगत असेल, पोराला दमा, मधुमेह असं काही असेल आणि तिथे उपचाराची सोय नसेल, किंवा सरकारच परत आणत असेल, तर गोष्ट वेगळी.

कारण असं. फ्लूला दोन दिवस पुरतात. जर्मनीतून धुळ्याला यायचं तर विमानतळावरची गर्दी, आठ-नऊ तासांचं विमान, मुंबईचा विमानतळ, मग रात्रीची रेल्वे किंवा गाडी. निघताना ठणठणीत असलेलं पोर घरी पोचेपर्यंत तापलेलं असू शकतं, आणि घरात त्याची वाट बघत सत्तरीची आजी बसलेली असते. दुसरं, वाटेत अडकण्याची भीती. २००९ मध्ये चीनने बाहेरून आलेल्या प्रवाशांना, त्यात सहलीला आलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या गटांनाही, हॉटेलांत वेगळं ठेवलं होतं. २३ मार्च २०२० पासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली. त्यानंतर जे बाहेर राहिले त्यांना ७ मे रोजी सुरू झालेल्या 'वंदे भारत' उड्डाणांची वाट बघावी लागली. नेहमीची विमानसेवा पूर्ववत झाली ती २७ मार्च २०२२ ला. निम्म्या वाटेवर, तिसऱ्याच देशाच्या विमानतळावर अडकण्यापेक्षा आपल्या खोलीत असणं केव्हाही बरं.

तिसरं कारण शिक्षणाचं, आणि आपल्याकडची पोरं इथेच सर्वात जास्त पोळली. घरी येणं सोपं होतं, परत जाणं अवघड. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना पुन्हा उघडल्या १५ डिसेंबर २०२१ ला. चीनमध्ये एमबीबीएस करणाऱ्या भारतीय मुलांना ऑगस्ट २०२२ पर्यंत व्हिसाच मिळेना. चोपड्याचा एक मुलगा ती दोन वर्षं शेतात मोबाइलला रेंज मिळावी म्हणून विहिरीच्या कठड्यावर बसून तास करायचा. शरीररचनेचं प्रात्यक्षिक फोनच्या पडद्यावर! नंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की केवळ ऑनलाइन झालेलं वैद्यकीय शिक्षण मान्य नाही. १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिवाय बारा महिन्यांची इंटर्नशिप, आणि हे सगळं त्याच परदेशी संस्थेत. एमबीबीएसला पोर पाठवलेल्या प्रत्येक घरात हा नियम पाठ असायला हवा. महासाथ आली आणि कॉलेज म्हणालं "घरी जा, ऑनलाइन शिकवू", तर ते कॉलेजच्या दृष्टीने पुरेसं असेल. इथे नोंदणी मिळण्यासाठी पुरेसं आहे का, हे आधी आयोगाच्या नियमांत बघा.

अमेरिकेचं वेगळं. तिथल्या विद्यार्थी व्हिसावर एरवी एका सत्रात मोजका एखादाच विषय ऑनलाइन चालतो. साथीत ही अट शिथिल केली गेली, मग ६ जुलै २०२० रोजी सरकारने जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला सरकारने तो आदेश मागे घेतला. त्या आठ दिवसांत किती घरांनी तिकिटं काढली असतील! म्हणून सांगते, महासाथीत सरकारी घोषणा झाली की पहिला फोन ट्रॅव्हल एजंटला लावू नका. पोराने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं. देश सोडला तर व्हिसावर काय परिणाम होईल, फी परत मिळेल का, वर्ष धरलं जाईल का, हे तीन प्रश्न त्यात हवेत. तोंडी आश्वासनावर विमानात बसू नये.

खोलीत एकटं, अंगात ताप

हे मी डॉक्टर म्हणून कमी आणि आई म्हणून जास्त सांगते. माझी लेक जर्मनीत शिकते. तिच्या पहिल्याच डिसेंबरात तिला फ्लू झाला. महासाथीचा नव्हता, दर हिवाळ्यातला साधाच. मी इकडे व्हिडिओ कॉलवर. तिचा चेहरा लाल, ओठ कोरडे, मागे खिडकीत दुपारी चारलाच अंधार. थर्मामीटर नव्हतं. दोन दिवस तिने काही शिजवलं नव्हतं, कारण स्वयंपाकघर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि उभं राहिलं की चक्कर येत होती. मला सगळ्या औषधांचे डोस पाठ आहेत, पण तिच्या कपाळाला हात लावून बघता येत नव्हतं. माझ्या सासूबाई फोनमध्ये डोकावून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "माय, घर ये. तठे तुनं कोन शे?"

तिथे तिचं कोण होतं? शेजारच्या खोलीत एक तुर्की मुलगी होती, जिच्याशी लेकीचं तोवर 'हॅलो'पलीकडे बोलणं नव्हतं. मी लेकीला म्हटलं, काही कर, पण भिंतीवर टकटक कर. त्या मुलीने मसूरडाळीचं सूप दाराशी आणून ठेवलं, थर्मामीटर दिलं आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दार ठोठावून "उठलीस का?" विचारत राहिली. लेक सुधारली ती विश्रांतीने. पण मला झोप लागली ती त्या ठोठावण्यामुळे.

फ्लूच्या महासाथीत परदेशी विद्यार्थ्याचा सर्वात मोठा धोका मला हाच वाटतो. तापात माणसाला आपली तब्येत ढासळते आहे हे कळत नाही. दुसऱ्या कुणीतरी बघावं लागतं. म्हणून माझ्या दवाखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगते, पोचल्यावर पंधरा दिवसांत दोन माणसं शोध, जी तू दिसला नाहीस तर दार ठोठावतील. दोघं तुझ्याच खोलीतले नकोत, कारण खोलीतले एकदमच आजारी पडतात. आणि त्या दोघांचे नंबर घरी कळव.

ठोठावणाऱ्याला काय बघायचं ते ठाऊक हवं. श्वास घ्यायला त्रास, बोलताना धाप. छातीत दुखणं. गोंधळल्यासारखं बोलणं, जाग न येणं. ओठ किंवा नखं निळसर. बारा-बारा तास लघवी न होणं. आणि एक लक्षण जे घरोघर हुकतं: ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं, आणि मग पुन्हा जोरात ताप आणि खोकला. विषाणूने फुफ्फुस कमकुवत केल्यावर मागून जिवाणूंचा न्यूमोनिया शिरतो, त्याची ही खूण. १९१८ मध्ये पुष्कळ माणसं याच न्यूमोनियाने गेली. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आहेत, पण वेळेत दवाखाना गाठला तर. मात्र पहिल्या दिवसापासून ॲझिथ्रोमायसिन घेऊन काही साधत नाही, कारण फ्लूच्या विषाणूवर ते चालत नाही. आपल्याकडे पोराच्या बॅगेत ते भरून द्यायची सवय आहे, ती सोडा.

मदतीचे नंबर आधीच फोनमध्ये हवेत. जर्मनीत रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२. ब्रिटनमध्ये सल्ल्यासाठी १११, तातडीला ९९९. अमेरिकेत तातडीला ९११, पण तिथे आधी कॅम्पसच्या हेल्थ सेंटरच्या नर्सला फोन करायची सवय ठेवा. इमर्जन्सीत गेलात की बिलाचा आकडा बघून दुसरा ताप येतो. ऑस्ट्रेलियात तीन शून्यं.

औषधाच्या नावाने होणारा एक घोटाळाही सांगते. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत 'ॲसिटामिनोफेन' नावाने मिळतं, टायलेनॉल म्हणजे तेच. तिथल्या सर्दी-तापाच्या तयार मिश्रणांतही, डेक्विल-नायक्विलसारख्या, ते असतं. पोरं घरून नेलेली डोलो खातात आणि वरून ते मिश्रणही पितात. दोन्ही मिळून डोस वाढला की यकृताला धोका. पाकिटाच्या मागचं वाचायचं, आणि चोवीस तासांत काय-काय घेतलं ते कागदावर लिहायचं. अठरा वर्षांखालच्या मुलांना फ्लूत ॲस्पिरिन द्यायचं नाही. बॅगेत थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ओआरएसची दहा पाकिटं आणि थोडे मास्क. मूगडाळ-तांदूळ तुम्ही देताच, शेवखमणीही द्या, पण तापात कामाला येईल असं पाच मिनिटांत होणारं काहीतरी वेगळं बांधून द्या.

पैसा आणि विमा

इथे थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक देशाचं वेगळं आहे. ब्रिटनमध्ये विद्यार्थी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरतो आणि सरकारी आरोग्यसेवा मिळते. जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा असतो. ऑस्ट्रेलियातही परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा विमा सक्तीचा. अमेरिकेत मात्र विद्यापीठाचा विमा महाग वाटतो म्हणून पोरं इथून स्वस्तातला प्रवास विमा नेतात, आणि अशा कितीतरी विम्यांच्या बारीक अक्षरांत महासाथीतला खर्च वगळलेला असतो. 'महामारी' किंवा 'साथरोग' हा शब्द पॉलिसीत कुठे येतो ते शोधा आणि त्या परिच्छेदाचा अर्थ एजंटकडून लेखी मागा.

पार्ट-टाइम नोकरी महासाथीत सर्वात आधी जाते. हॉटेल, कॅफे, गोदाम, सगळं बंद. ३ एप्रिल २०२० रोजी ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी, ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही त्या परदेशी विद्यार्थ्यांनी मायदेशी परतावं, असं सांगितलं होतं. त्यामुळे तीन महिन्यांचं भाडं आणि किराणा यांचे पैसे बाजूला ठेवूनच पोर पाठवावं, नोकरी लागेल या भरवशावर नाही. आपल्याकडे कर्ज काढून, कापसाच्या पैशांवर पोरं जातात, हे सोपं नाही हे मला कळतं. जमेल तेवढं ठेवा, पण ते आणीबाणीचेच ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थ्याने नोंद करून ठेवावी. संकटात दूतावासाला कोण कुठे आहे हे त्यावरून कळतं.

लसीचंही सांगून टाकते. दरवर्षीची लस नव्या महासाथीच्या विषाणूला अडवेलच असं नाही, तरी ती घ्यायचीच. एक तर साधा फ्लू टळतो आणि साथीच्या धामधुमीत दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. लस लागू पडायला दोन आठवडे लागतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊ नका. उत्तरेकडच्या देशांत ऑक्टोबरपासून फ्लूचा मोसम असतो, ऑस्ट्रेलियात आपल्या उन्हाळ्यानंतर. तिथे कॅम्पसवर लस मिळाली, बऱ्याच ठिकाणी ती फुकट असते, तर ती चुकवू नये. महासाथीची खास लस आली की विद्यापीठाचा ईमेल येतो. तो वाचा आणि रांगेत उभे राहा.

इकडच्या घराचं काम

मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्या पोरांच्या हाताच्या मागे महाराष्ट्रात शाईचा शिक्का मारत होते. एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा शर्टाची बाही बोटांपर्यंत ओढून बसला होता. घरचे गच्चीवरच्या खोलीत ताट ठेवत होते हे ठीकच. पण गल्लीतल्यांनी त्याच्या आईला सार्वजनिक नळावर येऊ दिलं नाही. त्याला आजार नव्हताच. पुढच्या महासाथीत कुणाचं पोर परत आलं, तर त्याला चार-पाच दिवस वेगळी हवेशीर खोली द्या, तो आणि घरचे मास्क लावा, आजी-आजोबांना दुसरीकडे ठेवा. फ्लूला एवढं पुरतं. त्याच्या आईला नळावर येऊ द्या.

आणि पोर तिकडेच राहिलं, तर दिवसातून दहा फोन करून त्याला घाबरवू नका. एक वेळ ठरवा, त्या वेळी बोला, तापाचा आकडा विचारा, पाणी किती प्यायलं विचारा. वॉट्सॲपवर आलेली 'तिकडे प्रेतांचे ढीग' अशी क्लिप पुढे ढकलण्याआधी त्याच गावात असलेल्या आपल्या पोरालाच विचारून घ्या. घरातल्या साठीच्या पुढच्यांनीही दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. सासूबाईंनी मागच्या पावसाळ्यात घेतली, दंड चोळत चोळत. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की त्या आता आधी नातीची विचारपूस करत नाहीत. फोन हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, "ती शेजारनी पोर कशी शे?"